लॉग सर्व्हर बंद पडला की लोकल लॉगही थांबतात – आरसिसलॉग, डेबियन १२

पाइप_ग्रेप विचारतो:

डेबियन १२ ची १४ मशीन आहेत. सगळी आरसिसलॉग (मशीनवरच्या घडामोडींच्या नोंदी, म्हणजे लॉग, लिहिणारा आणि पाठवणारा प्रोग्राम) वापरून एका लॉग सर्व्हरला टीसीपीवरून लॉग पाठवतात. लॉग सर्व्हर रीबूट केला किंवा मधला स्विच बंद झाला की पाठवणाऱ्या मशीनवरची /व्हार/लॉग/ऑथ.लॉग आणि /व्हार/लॉग/सिसलॉग याही फायली वाढायच्या थांबतात. त्या तर त्याच मशीनच्या डिस्कवर आहेत, नेटवर्कशी त्यांचा काय संबंध? जर्नलसीटीएलमध्ये (सिस्टिमडीचा स्वतःचा लॉग, म्हणजे जर्नल, दाखवणारी कमांड) मात्र त्या वेळातल्या ओळी नीट दिसतात. सर्व्हर परत आला की काही ओळी एकदम येतात, बाकीच्या कधीच येत नाहीत.

पाठवणाऱ्या मशीनवर /ईटीसी/आरसिसलॉग.डी/ मध्ये एवढंच आहे (ओएमएफडब्ल्यूडी म्हणजे ओळी दुसऱ्या मशीनला पाठवणारा भाग):

*.* अ‍ॅक्शन(टाइप="ओएमएफडब्ल्यूडी" टार्गेट="१०.२०.०.५" पोर्ट="५१४" प्रोटोकॉल="टीसीपी" अ‍ॅक्शन.रिझ्यूमरीट्रायकाउंट="-१")

आणखी तीन किरकोळ प्रश्न. एक, लॉग सर्व्हरवर डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) म्हणतं /व्हार ९६ टक्के भरलंय, डीयूने फायलींची मापं बघितली की त्यातले ९ जीबी कुठेच सापडत नाहीत. दोन, काही मशीनच्या ओळी सर्व्हरवर साडेपाच तास पुढेमागे दिसतात. तीन, नव्याने इन्स्टॉल केलेल्या मशीनवर /व्हार/लॉग/मेसेजेस ही फाइलच नाही. सर्वांत गजबजलेल्या मशीनवर सेकंदाला साधारण २०० ओळी पडतात.

---

जुना_डेमन:

दोष त्या "-१" चा आहे. म्हणजे "-१" चूक नाही, पण एकटा चूक आहे.

आरसिसलॉगमध्ये आलेली प्रत्येक ओळ आधी मुख्य रांगेत जाते. तिथून एक वर्कर ओळींचा गठ्ठा उचलतो आणि एकेका अ‍ॅक्शनकडे नेतो: ऑथ.लॉगमध्ये लिही, सिसलॉगमध्ये लिही, १०.२०.०.५ ला पाठव. अ‍ॅक्शनला स्वतःची रांग दिली नसेल तर वर्कर ते काम जागेवरच, हातातलं संपवूनच पुढे जातो. रिझ्यूमरीट्रायकाउंट मुळात ० असतो. म्हणजे पलीकडे कोणी उचलत नसेल तर अ‍ॅक्शन तात्पुरती बंद, तेवढ्या ओळी त्या अ‍ॅक्शनपुरत्या गेल्या, पण लोकल फायली चालू. तुम्ही "-१" दिलंत, म्हणजे "जमेपर्यंत सोडू नकोस". वर्कर बिचारा दारातच उभा राहतो, आणि पुढच्या गठ्ठ्यातल्या ऑथ.लॉगच्या ओळी त्याच्या मागे खोळंबतात.

मुख्य रांगेची क्षमता डिफॉल्टने ५०,००० ओळी. सेकंदाला २०० धरल्या तर चार-सव्वाचार मिनिटांत ती भरते. सर्व्हर परत आल्यावर एकदम येणाऱ्या ओळी त्या ५०,००० मधल्या. त्यानंतरच्या कायमच्या गेल्या.

जर्नलमध्ये त्या का दिसतात? कारण डेबियनवर /डेव्ह/लॉग हे सॉकेट (प्रोग्राम ज्यातून लॉगच्या ओळी देतात ते दार) जर्नलडीच्या (जर्नल लिहिणारी सेवा) हातात असतं. जर्नलडी ओळ स्वतःकडे लिहितो आणि आरसिसलॉगच्या सॉकेटवरही ढकलतो. ढकलताना तो थांबत नाही. पलीकडचं सॉकेट भरलेलं असेल तर ओळ टाकून पुढे जातो आणि किती सुटल्या ते मोजून ठेवतो. खात्री करायची असेल तर जर्नलसीटीएलला सिस्टिमडी-जर्नलडी हे युनिट सांगा आणि "मिस्ड" हा शब्द ग्रेपने शोधा. "फॉरवर्डिंग टू सिसलॉग मिस्ड" अशी ओळ आणि आकडा सापडेल.

आता दुरुस्ती. अ‍ॅक्शनला तिची स्वतःची, गरज पडली तर डिस्कवर उतरणारी रांग द्या:

अ‍ॅक्शन(टाइप="ओएमएफडब्ल्यूडी" टार्गेट="१०.२०.०.५" पोर्ट="५१४" प्रोटोकॉल="टीसीपी"
क्यू.टाइप="लिंक्डलिस्ट"
क्यू.फाइलनेम="लॉगसर्व्हर_रांग"
क्यू.साइझ="१००००"
क्यू.मॅक्सडिस्कस्पेस="२जी"
क्यू.सेव्हऑनशटडाउन="ऑन"
क्यू.टाइमआउटएनक्यू="०"
अ‍ॅक्शन.रिझ्यूमरीट्रायकाउंट="-१"
अ‍ॅक्शन.रिझ्यूमइंटरव्हल="३०")

फाइलनेम दिलं नाही तर रांग फक्त मेमरीत राहते आणि मॅक्सडिस्कस्पेसला काही अर्थ उरत नाही. आरसिसलॉग त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. दोन अ‍ॅक्शन असतील तर दोघींना वेगवेगळं फाइलनेम द्या. फायली वर्कडिरेक्टरीत बनतात, डेबियनवर ती /व्हार/स्पूल/आरसिसलॉग.

अ‍ॅक्शनच्या रांगेचं डिफॉल्ट माप १,००० आहे आणि ९० टक्के भरली की डिस्कवर लिहिणं सुरू होतं. सेकंदाला २०० ओळी असतील तर साडेचार सेकंदांत डिस्कला हात. स्विच नुसता शिंकला तरी डिस्क हलू नये म्हणून मी वर १०,००० दिलंय, ती पंचेचाळीस सेकंद तग धरते. पण मेमरीतला भाग वीज गेली की गेला. सेव्हऑनशटडाउन फक्त रीतसर बंद करताना कामाला येतं.

टाइमआउटएनक्यू बहुतेकांच्या कॉन्फिगरेशनमध्ये नसतंच. डिफॉल्ट २,००० मिलिसेकंद. २ जीबी भरल्यावर प्रत्येक ओळ दोन सेकंद वाट पाहणार आणि मग टाकली जाणार. म्हणजे मुख्य वर्कर दोन सेकंदाला एक ओळ या चालीने सरकणार, आणि पुन्हा पहिलंच दुखणं. ० दिलं की रांग भरल्यावर ओळ लगेच टाकली जाते, लोकल फायली मात्र चालत राहतात.

२ जीबी किती पुरेल? रांगेच्या फायलीत ओळीबरोबर बाकीची माहितीही लिहिली जाते, म्हणून ओळीला ५०० बाइट धरा. २०० गुणिले ५०० म्हणजे सेकंदाला १०० केबी, तासाला ३६० एमबी. साडेपाच तास. शनिवार-रविवार कोणी बघणार नसेल तर १८ जीबी तरी लागेल, आणि ती जागा /व्हारमध्ये खरोखर मोकळी आहे का ते आधी बघा.

बदल केल्यावर आरसिसलॉगडी -एन१ चालवा, तो फक्त व्याकरण तपासतो. मग रीस्टार्ट. एचयूपी सिग्नल देऊन आरसिसलॉग कॉन्फिगरेशन पुन्हा वाचत नाही, फक्त फायली बंद करून पुन्हा उघडतो. जुन्या सिसलॉगडीची सवय असलेले इथे हमखास फसतात.

मेसेजेस फाइलचं: डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग मुळात बसतच नाही, तो वेगळा बसवावा लागतो. बसवला तरी मेसेजेस, डीबग, डेमन.लॉग आणि मेल.इन्फो, मेल.वॉर्न, मेल.एर या फायली आता डिफॉल्टने बनत नाहीत. अपग्रेड केलेल्या मशीनवर जुनं कॉन्फिगरेशन राखलं असेल तर त्या दिसत राहतात. सगळं सिसलॉग फाइलमध्ये येतंच, वेगळी फाइल हवी असेल तर स्वतःची ओळ लिहा.

---

दोन_टर्मिनल:

वरच्यांनी पाठवणारी बाजू लावून दिली, मी सर्व्हरची बाजू घेतो.

गायब ९ जीबी म्हणजे कुणीतरी आरएमने उडवलेली, पण आरसिसलॉगने अजून उघडी धरलेली फाइल. नाव गेलं, जागा सुटली नाही. एलएसओएफ +एल१ चालवा. शेवटी "डिलीटेड" लिहिलेली मोठी फाइल दिसेल आणि तिच्यापुढे प्रोसेसचा नंबर. आरसिसलॉगला एचयूपी दिलंत की त्याच क्षणी डीएफचा आकडा उतरतो. रीबूट करायची गरज नाही. पुढच्या वेळी चालू फाइल रिकामी करायची तर आरएम नाही, ट्रंकेट -एस ०.

पण ती फाइल हाताने उडवायची वेळ आली म्हणजे लॉगरोटेट (जुने लॉग ठराविक काळाने बाजूला करणारा प्रोग्राम) तिच्यापर्यंत पोचत नाही. पॅकेजबरोबर येणारी /ईटीसी/लॉगरोटेट.डी/आरसिसलॉग ही फाइल फक्त सिसलॉग, ऑथ.लॉग वगैरे ओळखीच्या फायलींपुरती असते. दूरच्या मशीनचे लॉग जिथे लिहिता त्या फोल्डरसाठी वेगळा तुकडा लिहा:

/व्हार/लॉग/रिमोट/*/*.लॉग {
डेली
रोटेट १४
मॅक्ससाइझ ५००एम
मिसिंगओके
नॉटिफएम्प्टी
कॉम्प्रेस
डिलेकॉम्प्रेस
शेअर्डस्क्रिप्ट्स
पोस्टरोटेट
/यूएसआर/लिब/आरसिसलॉग/आरसिसलॉग-रोटेट
एंडस्क्रिप्ट
}

पोस्टरोटेट विसरलात तर आरसिसलॉग नाव बदललेल्या जुन्याच फाइलमध्ये लिहीत बसतो, नवी फाइल शून्य बाइटची राहते. शेअर्डस्क्रिप्ट्स नसेल तर शंभर फायलींसाठी शंभर एचयूपी. कॉपीट्रंकेट इथे वापरू नका: कॉपी आणि ट्रंकेट यांच्या मधल्या क्षणात आलेल्या ओळी जातात, आणि आरसिसलॉगला फाइल पुन्हा उघडता येत असताना त्याची गरजच नाही.

मॅक्ससाइझ आणि साइझ यांत गल्लत होते. साइझ दिलं की डेली, वीकली गुंडाळलं जातं, फक्त माप बघितलं जातं. मॅक्ससाइझ म्हणजे दिवस भरला किंवा माप ओलांडलं, जे आधी होईल ते. पण दोन्ही तपासली जातात ती लॉगरोटेट चालेल तेव्हाच, आणि डेबियनवर त्याचा टायमर दिवसातून एकदा वाजतो. सकाळी ५०० एमबी ओलांडलेली फाइल रात्रीपर्यंत १५ जीबी होऊ शकते. टायमर तासाचा करायचा तर सिस्टिमसीटीएल एडिट लॉगरोटेट.टायमर, त्यात आधी रिकामी "ऑनकॅलेंडर=" ओळ आणि मग "ऑनकॅलेंडर=अवरली". रिकामी ओळ घातली नाही तर जुना डेलीही तसाच राहतो. सोबत अ‍ॅक्युरसीसेक १ मिनिटावर आणा.

लॉगरोटेट -डी ने कोरडी चाचणी घ्या. दोन तुकड्यांत एकच फाइल येत असेल तर "डुप्लिकेट लॉग एंट्री" अशी तक्रार तिथेच दिसते. नव्या फाइलला पहिल्या रात्री काहीच झालं नाही तर घाबरू नका, पहिल्या खेपेला तो फक्त स्टेटस फाइलमध्ये तारीख नोंदवतो.

आता फायलींची नावं. बहुतेक जण टेम्प्लेटमध्ये (आरसिसलॉगला दिलेला साचा) होस्टनेम, म्हणजे मशीनचं नाव, वापरतात. ते नाव ओळीतून येतं, म्हणजे पाठवणारा काय वाट्टेल ते लिहू शकतो. फोल्डरला फ्रॉमहोस्ट-आयपी वापरा, ते खऱ्या कनेक्शनवरून येतं. फाइलला प्रोग्रामनेम वापरलंत तर त्याला सेकपाथ-रिप्लेस लावा, म्हणजे नावात तिरकी रेघ घुसवून कुणाला फोल्डरबाहेर लिहिता येणार नाही.

डायनाफाइलकॅशसाइझ (अशा किती फायली एका वेळी उघड्या ठेवायच्या तो आकडा) डिफॉल्टने फक्त १० आहे. १४ मशीन, प्रत्येकी सात-आठ प्रोग्राम, म्हणजे शंभरावर फायली. १० पेक्षा जास्त लागल्या की आरसिसलॉग एक बंद करतो, दुसरी उघडतो, पुन्हा पहिली उघडतो, आणि सर्व्हर उगाच धापा टाकतो. २५० ठेवा. रिमोटसाठी वेगळा रूलसेट (नियमांचा संच) करून तो आयएमटीसीपीच्या (टीसीपीवरून ओळी घेणारा भाग) इनपुटला जोडा, म्हणजे बाहेरच्या ओळी सर्व्हरच्या स्वतःच्या सिसलॉगमध्ये सांडत नाहीत.

साडेपाच तासांचं उत्तर आकड्यातच आहे. काही मशीन भारतीय वेळेवर, काही यूटीसीवर. ओएमएफडब्ल्यूडीला टेम्प्लेट सांगितलं नाही तर तो पारंपरिक फॉर्मॅटमध्ये पाठवतो. त्यात ना साल ना टाइमझोन. सर्व्हर आकडा आहे तसा, आपल्याच घड्याळाचा म्हणून वाचतो. अ‍ॅक्शनमध्ये टेम्प्लेट="आरसिसलॉग_सिसलॉगप्रोटोकॉल२३फॉर्मॅट" घाला, तो आरएफसी ५४२४ च्या पद्धतीने झोनसकट वेळ पाठवतो.

---

पाइप_ग्रेप:

एचयूपी दिल्याबरोबर ९ जीबी मोकळे. वेळही जुळली.

रांग लावून चाचणी घेतली. लॉगर कमांडने १ ते ६०,००० आकडे पाठवले आणि मधे लॉग सर्व्हरवर एनएफटीने (फायरवॉलचे नियम घालणारी कमांड) ५१४ पोर्ट ड्रॉप केलं. दोन गोष्टी विचित्र. ड्रॉपचा नियम घातला तरी ओळी जातच राहिल्या. आणि शेवटी मोजल्या तर पाच-सहा हजार कमी, पण त्या पाठवणाऱ्या मशीनच्या जर्नलमध्येही नाहीत!

---

जुना_डेमन:

नियम "अ‍ॅड" ने घातलात, तो साखळीच्या शेवटी गेला. वर "एस्टॅब्लिश्ड असेल तर सोड" हा नियम आधीच बसलाय, चालू कनेक्शन तिथूनच निसटतं. "इन्सर्ट" ने घाला.

जर्नलमध्येच नाहीत म्हणजे रेटलिमिट. जर्नलडी एका सर्व्हिसला ३० सेकंदांत १०,००० ओळींची मुभा देतो आणि डिस्कवर मोकळी जागा जास्त असेल तर हा आकडा वाढवतो, म्हणूनच एकाच कॉन्फिगरेशनची दोन मशीन वेगळी वागताना दिसतात. जर्नलमध्ये "सप्रेस्ड" शोधा, किती गिळल्या ते लिहिलेलं असेल. चाचणीसाठी प्रत्येक लॉगरनंतर स्लीप ०.०१ घाला. खऱ्या सर्व्हिसला मुभा वाढवायची तर जर्नलडी.कॉन्फला हात लावू नका, त्या सर्व्हिसच्या युनिटमध्ये लॉगरेटलिमिटबर्स्ट आणि लॉगरेटलिमिटइंटरव्हलसेक द्या. सगळ्यांना मोकळं रान दिलंत तर एखादा वेडा झालेला प्रोग्राम बाकीच्यांच्या ओळी डिस्कवरून बाहेर ढकलतो. जर्नलची कमाल मर्यादा फाइलसिस्टिमच्या १० टक्के, आणि त्यातही ४ जीबीच्या वर नाही. तुमची रांग आणि जर्नल एकाच /व्हारवर आहेत, तेव्हा सिस्टममॅक्सयूज स्वतः ठरवून लिहा. आत्ता छाटायचं तर आधी जर्नलसीटीएल --रोटेट, मग --व्हॅक्यूम-साइझ. व्हॅक्यूम चालू फाइलला शिवत नाही.

आणि ड्रॉपने चाचणी संपली असं समजू नका. ड्रॉप काढला की टीसीपी अडकलेलं पुन्हा पाठवतो, सगळं पोचतं. खरी परीक्षा म्हणजे चालू असताना लॉग सर्व्हरची वीज काढणं. पाठवणाऱ्याच्या कर्नलच्या बफरमध्ये असलेल्या ओळी आरसिसलॉगच्या हिशेबी "पाठवल्या", आणि कनेक्शन तुटलं की त्या जातात. तुमची डिस्कवरची रांग तिथे काहीही करू शकत नाही.

---

रूट_नको_रे_बाबा:

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सिस्टिमडी-जर्नल-अपलोड का नाही? पोर्ट १९५३२, सर्व्हरवर जर्नल-रिमोट. कुठवर पाठवलं ती खूण तो फाइलमध्ये ठेवतो, सर्व्हर परत आला की तिथून पुढे. जर्नल हीच रांग. दोनदा डिस्कवर लिहायचं कशाला?

---

दोन_टर्मिनल:

फक्त सिस्टिमडीवाली मशीन असतील तर मुद्दा बरोबर. पण स्विच, राउटर, यूपीएसचं कार्ड यांना सिसलॉगखेरीज काही बोलता येत नाही, म्हणजे सर्व्हरवर आरसिसलॉग राहणारच. शिवाय पलीकडे जर्नलच्या बायनरी फायली जमतात, थेट ग्रेप मारता येत नाही.

मधला रस्ता: आरसिसलॉगला सॉकेटऐवजी आयएमजर्नलने (थेट जर्नलमधून ओळी उचलणारा भाग) वाचायला लावा. रेड हॅटच्या घराण्यात तीच रीत आहे. स्टेटफाइलमध्ये खूण राहते, त्यामुळे आरसिसलॉग बंद असताना आलेल्या ओळीही नंतर उचलल्या जातात. आयएमयूएक्ससॉककडून (सॉकेट वाचणारा भाग) येणारा सिस्टिम लॉग मात्र बंद करा, नाहीतर प्रत्येक ओळ दोनदा. आयएमजर्नलची स्वतःची मर्यादाही आहे, ६०० सेकंदांत २०,००० ओळी. सेकंदाला २०० म्हणजे दहा मिनिटांत १,२०,०००. तुमच्या गजबजलेल्या मशीनवर सहातल्या पाच ओळी गळतील, तेव्हा रेटलिमिट.बर्स्ट वाढवल्याशिवाय लावू नका.

---

बिझीबॉक्स_बंडू:

कोणी हा धागा वाचून अल्पाइनवर (सिस्टिमडी नसलेलं हलकं लिनक्स) तेच करायला गेलं तर सावध. तिथे जर्नलडी मधे नाही, प्रोग्राम थेट सिसलॉगशी बोलतो. "-१" वाला आरसिसलॉग तिथे अडकला की /डेव्ह/लॉगचं सॉकेट भरतं, कर्नलची डिफॉल्ट मर्यादा फक्त १० संदेश, आणि लिहिणारा प्रोग्रामच थांबतो. एसएसएचने आत शिरताना पासवर्ड दिल्यावर नुसता कर्सर लुकलुकत राहतो, त्याचं कारण लॉग सर्व्हरमध्ये असेल असं कुणाच्या डोक्यातही येत नाही. अशा मशीनवर टाइमआउटएनक्यू="०" सक्तीचं समजा.

अल्पाइनचा मूळचा बिझीबॉक्स सिसलॉगडी -आर ने यूडीपीवर पाठवतो, रांग वगैरे काही नाही. लोकल फाइल २०० केबी झाली की एकच जुनी प्रत ठेवून फिरवतो. -एस आणि -बी ने दोन्ही आकडे वाढवा, नाहीतर सकाळचा लॉग दुपारी शोधायला जाल आणि सापडणार नाही.

---

पाइप_ग्रेप:

इन्सर्ट आणि स्लीप लावून: ड्रॉपच्या चाचणीत ६०,००० पैकी ६०,००० आल्या, ऑथ.लॉग एकदाही थांबला नाही. सर्व्हरची वीज काढून: १८३ कमी, सगळे आकडे लागोपाठचे, वीज काढली त्या क्षणापाशी. या १८३ साठी काही करता येईल?

---

जुना_डेमन:

आरईएलपी, म्हणजे पावती घेऊन लॉग पाठवण्याची पद्धत. दोन्हीकडे आरसिसलॉग-आरईएलपी पॅकेज, सर्व्हरवर आयएमआरईएलपी, पाठवणाऱ्यावर ओएमआरईएलपी, पोर्ट साधारण २५१४ ठेवतात. क्यूच्या सगळ्या ओळी तशाच राहू द्या. सर्व्हरने पावती दिल्याशिवाय ओळ रांगेतून निघत नाही. बदल्यात कनेक्शन तुटून जुळताना काही ओळी दोनदा येऊ शकतात, मोजणी करणारी स्क्रिप्ट असेल तर तिला ते सांगून ठेवा. स्विचसाठी यूडीपी ५१४ वेगळं उघडं ठेवावं लागेलच.

आणि बदलताना क्यू.फाइलनेम नवं द्या. जुन्या अ‍ॅक्शनच्या रांगेत काही उरलं असेल तर आधी ते सर्व्हरला पोचू द्या, /व्हार/स्पूल/आरसिसलॉग रिकामं झालं की मगच जुनी अ‍ॅक्शन काढा.